शेऱ्याच्या रकान्यातली नदी

"सूर्यवंशी, शेवटच्या पानावर सही करा," बिराजदार साहेब म्हणाले. "बाकीची पानं बघायची गरज नाही."

बाकीची पानं चारशेच्या वर होती. कव्हरवर सहस्रकुंडच्या धबधब्याचा फोटो होता. ऑगस्टमधला. पाणी असं कोसळत होतं की रिपोर्ट हातात घेण्याआधी रुमाल काढावा वाटलं. खाली लिहिलं होतं, जलविद्युत प्रकल्प, सविस्तर अहवाल. शेवटच्या पानावर "पाण्याचे आकडे तपासले" या ओळीखाली माझं पद टाईप केलेलं, नाव टाईप केलेलं. फक्त सहीची जागा मोकळी होती. प्रकल्प उभारणाऱ्या कंपनीनं तेवढी मेहनत माझ्यासाठी ठेवली होती.

मी तेव्हा नांदेडच्या ऑफिसात शाखा अभियंता होतो. काम नद्या मोजायचं. लोकांना हे काम आहे हेच माहीत नसतं. माझ्या निलंग्याच्या मेव्हण्याला मी बारा वर्षं सांगून राहिलो, तरी तो लग्नाकार्यात माझी ओळख "पाण्याच्या टाकीवर आहेत" अशीच करून देतो. तर काम असं असतं. नदीत एक पट्टी रोवलेली असते, मोठ्या फुटपट्टीसारखी. पाणी त्या पट्टीवर कुठवर आलं ते रोज सकाळी आठ वाजता एक माणूस बघतो आणि रजिस्टरमध्ये लिहितो. त्याला गेज रीडर म्हणतात. पावसाळ्यात आम्ही होडीतून जातो, पंख्यासारखं एक यंत्र पाण्यात सोडतो आणि पाणी किती वेगानं चाललंय ते मोजतो. पातळी ही एक गोष्ट. प्रवाह ही दुसरी. हा फरक कृपया ध्यानात ठेवा. कंपनीनं ठेवला नव्हता.

"साहेब, वाचून करतो," मी म्हणालो.

"वाचायला ती काय कादंबरी आहे का?"

"सही माझी आहे साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. साहेब मूळचे लातूरचे. ज्या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या शहरातला माणूस पाण्याच्या बाबतीत संशयी असेल असं मला वाटायचं. उलट असतं. तहानलेल्याला कॅलेंडरवरचा तलावही खरा वाटतो.

"सोमवारपर्यंत," ते म्हणाले. "आणि वरून फोन आहे, हे ध्यानात असू द्या."

आमच्या खात्यात दोन गोष्टी वरून येतात. पाऊस आणि फोन. फोन कधी दडी मारत नाही.

रिपोर्ट मी घरी नेला. पैनगंगेवर, इस्लापूरच्या पलीकडे पिंपळडोह नावाचं गाव आहे, तिथं धरण होणार होतं. पिंपळडोह आणि वरच्या चार वस्त्या बुडणार होत्या. रिपोर्टात "बुडणार" हा शब्द कुठंच नव्हता. गावं "अंशतः बाधित" होती. घर, वावर, शाळा, बुद्धविहार, मारुतीचं देऊळ आणि मसणवटा पाण्याखाली गेल्यावर गावाचा जो अंश उरतो, त्याला धरून हे लिहिलं असावं. जंगल "विरळ झुडपी" होतं. ते मी पाहिलंय. त्या विरळ झुडपात आमची जीप दोनदा हरवली आहे. पुढं एक प्रकरण जलपर्यटनावर होतं, त्यात एका बोटीचं चित्र होतं आणि बोटीत गोरी माणसं बसली होती.

मग मी माझ्या कामाच्या तक्त्यावर आलो. महिनावार प्रवाह. मे महिन्यापुढं आकडा होता आठ क्युमेक.

एक क्युमेक म्हणजे सेकंदाला हजार लिटर पाणी. आठ क्युमेक म्हणजे सेकंदाला आठ हजार लिटर. म्हणजे तुम्ही "एक" म्हणेपर्यंत जवळजवळ एक टँकर वाहून गेला. आणि त्याच मे महिन्यात त्याच तालुक्यात खरेखुरे टँकर चालू होते. मी स्वतः मे महिन्यात पिंपळडोहाच्या खाली नदी ओलांडलेली आहे. चप्पल हातात घ्यावी लागली नाही. चप्पल घालूनच गेलो, कारण दगड तापलेले असतात.

तक्त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, आधार: शासकीय सरिता मापन केंद्र, पिंपळडोह.

ते माझं केंद्र. आता मात्र पंचाईत झाली. कारण आकडा कंपनीनं हवेतून काढला असता तर सोपं होतं. तो आमच्याकडूनच गेला होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. आदिलाबादच्या गाडीनं मी निघालो. गाडी आपल्या सोयीनं इस्लापूरला पोचली, तिथून एका ऑटोत सात जणांत आठवा होऊन गावात.

पिंपळडोहाचा गेज रीडर मारोती. भोई समाजाचा. नदी त्याला पायाखालच्या वाटेसारखी माहीत. पण बरीच वर्षं झाली, पुराच्या वेळी पायरीवरून पडून त्याचा खुबा गेला. तेव्हापासून तो ओसरीवर बसून जाळी विणतो. नदीपर्यंतच्या पंचेचाळीस पायऱ्या त्याची बायको उतरते. कौसाबाई. पट्टी ती वाचते, रजिस्टर ती लिहिते, मारोती फक्त महिन्याच्या शेवटी सही करतो. हे नियमात बसत नाही. मला हे माहीत नव्हतं असं मी इथं लिहू शकलो असतो, पण मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. माझ्या ताब्यातल्या सगळ्या केंद्रांत एकच रजिस्टर असं होतं की ज्यात एकही दिवस कोरा नव्हता. मी कशाला बोलू?

"वहिनी, मे महिन्यात पट्टीवर पाणी किती असतं?" मी विचारलं.

"एक मीटर वीस. कंदी पंधरा."

"आणि चालतं किती?"

कौसाबाई माझ्याकडं अशी बघायला लागली, जणू उन्हानं साहेबाचं डोकं फिरलंय. "चलतं कुठं सायेब? डोह हाय तो. चला, दावते."

मला दाखवायची गरज नव्हती, पण गेलो. पट्टी डोहात आहे. डोहाच्या खालच्या अंगाला नदीत आडवा खडक आहे. गावात त्याला उंबरा म्हणतात. पाणी उंबऱ्याच्या वर असलं की नदी वाहते. खाली गेलं की डोह भरलेला राहतो, पण पलीकडं थेंब जात नाही. पट्टीचा शून्य डोहाच्या तळाजवळ आहे. म्हणून नदी पार बंद पडली तरी पट्टीवर एक मीटर वीस दिसतं. तुमच्या घरी बादली भरलेली आहे याचा अर्थ नळाला पाणी आलंय असा होत नाही, एवढीच गोष्ट. कंपनीच्या कन्सल्टंटनं पातळीचे आकडे घेतले, कॉम्प्युटरमध्ये टाकले, आणि प्रत्येक उन्हाळ्यात भरलेल्या बादलीतून नळ सोडला.

उंबऱ्यावर कौसाबाईनं मिरच्या वाळत घातल्या होत्या. रिपोर्टप्रमाणे त्या मिरच्यांवरून सेकंदाला आठ हजार लिटर पाणी जात होतं.

घरी येऊन तिनं पत्र्याच्या पेटीतून जुनी रजिस्टरं काढली. मूळ प्रत केंद्रावर राहते, नक्कल ऑफिसला जाते. रजिस्टरमध्ये शेवटचा रकाना "शेरा" असतो. बहुतेक केंद्रांवर तो रकाना कोरा असतो, फार तर "निरंक". कौसाबाईचा रकाना मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचला. अक्षर मोठं, गोल, ओळ सोडून खाली उतरणारं.

"पाणी हाय पण चलत न्हाई."

"उंबरा कोरडा."

"डोहात म्हशी. पट्टी दिसेना. म्हशी हाकलून वाचलं."

"उंबरा कोरडा. खालच्या गावच्या बाया डोहावर पाण्याला आल्या."

"आज चललं. येवढुसं."

शेवटचा शेरा जूनमधला. वर्षामागून वर्षं हेच. साधारण डिसेंबर संपता संपता नदी थांबायची आणि जूनमध्ये निघायची. किती दिवस नदी बंद होती हे एका बाईनं रोजच्या रोज लिहून ठेवलं होतं. मग हे कंपनीला का मिळालं नाही?

याचं उत्तर मला चांगलं माहीत होतं. ऑफिसात रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायचं काम निघालं, तेव्हा सॉफ्टवेअरमध्ये शेऱ्याला जागा नव्हती. ऑपरेटरनं विचारलं, "सर, शेऱ्याचं काय करू?" मी म्हणालो, "सोडून द्या. आकडे घ्या." अख्खा उन्हाळा मी दोन वाक्यांत पुसून टाकला होता. कंपनीची चोरी पकडायला गेलो आणि कुलूप मीच उघडं ठेवलं होतं असं निघालं.

"काय झालं सायेब?" मारोतीनं ओसरीवरून विचारलं.

"काही नाही. चहा करा."

सोमवारी मी साहेबांना सांगितलं, सही होणार नाही. का होणार नाही ते अर्ध्या पानात लिहून दिलं. साहेबांनी ते वाचलं. माणूस इंजिनिअर होता, दोन मिनिटांत समजलं. समजल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"तुम्ही हे लेखी कशाला दिलंत?" ते म्हणाले. "तोंडी सांगितलं असतं तर मला ऐकू आलं नसतं."

"आता काय करायचं साहेब?"

"पुढच्या महिन्यात जनसुनावणी आहे. खात्यातर्फे तुम्ही जा. मला त्या दिवशी संभाजीनगरला मीटिंग आहे."

"मीटिंगची तारीख आलीय का?"

"येईल." मग थांबून म्हणाले, "आणि कुणी विचारलं तरच बोला. बोललात तर टेक्निकल बोला."

आमच्यात टेक्निकल बोलणं म्हणजे समोरच्याला काहीही कळणार नाही आणि मिनिटबुकात मात्र उत्तर दिलं असं येईल, अशा बेतानं बोलणं. मला ते चांगलं यायचं. तीस वर्षांची नोकरी त्यावर झाली होती.

जनसुनावणी म्हणजे प्रकल्पाआधी लोकांचं म्हणणं ऐकायचा सरकारी कार्यक्रम. ती मे महिन्यात होती. गावाबाहेर मांडव. स्टेजवर कूलर. प्रोजेक्टर होता, तो जनरेटरवर होता, कारण गावात लाईट नव्हती. विजेच्या प्रकल्पाची सुनावणी डिझेलवर चालली होती. आणि मांडवामागं पिण्याच्या पाण्याचा टँकर उभा होता. कंपनीनंच मागवला होता, किनवटवरून. धरणाला पुरेल एवढी नदी शेजारी असताना टँकर कशाला, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. फक्त एका म्हाताऱ्याच्या आलं, पण त्याला आधी सरबत दिलं गेलं.

कंपनीचा कन्सल्टंट आला होता. सगळे त्याला डॉक्टर म्हणत होते. पीएचडी होता. पण गावात बातमी गेली की डॉक्टर आलाय, म्हणून सकाळपासून तीन म्हाताऱ्या त्याला गुडघे दाखवून गेल्या होत्या. तो वैतागला होता. स्टेजवर अध्यक्ष म्हणून जिल्ह्याच्या एक महिला अधिकारी होत्या. कमी बोलणाऱ्या. त्यांच्या पुढ्यात वही होती आणि वहीत त्या स्वतः लिहीत होत्या. हे मी मुद्दाम सांगतो, कारण मोठा अधिकारी स्वतः लिहिताना मी फार वेळा पाहिलेला नाही.

डॉक्टरनं लेझरचा लाल ठिपका फिरवत पाऊण तास सांगितलं. नदी बारमाही आहे. वीज स्वच्छ आहे. रोजगार येईल. मासे वाढतील. पडद्यावर धबधबा कोसळत होता आणि मांडवात पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत लोक उपरण्यानं वारा घेत होते.

मग गावकरी बोलले. सरपंचांनी ग्रामसभेचे तीन ठराव वाचले, तिन्ही धरणाच्या विरोधात. डॉक्टरनं मान हलवली, "नोंद घेतली" म्हणाला. वरच्या वस्तीतला एक आंध आदिवासी समाजाचा माणूस म्हणाला, आमची मोहाची झाडं मोजलीत का? "नोंद घेतली." वाडीतली एक शिक्षिका म्हणाली, शाळा कुठं जाणार? "नोंद घेतली." असं वाटत होतं की धरण बांधलं तर ते या नोंदींनीच भरेल.

सुनावणीच्या आधी मी कौसाबाईला गाठून एकच गोष्ट सांगितली होती. "वहिनी, तुम्ही बोलू नका. रजिस्टर तुम्ही लिहिता हे बाहेर आलं तर मारोतीची नोकरी जाईल. माझीही लटकेल. मी बघतो."

तिनं ऐकून घेतलं होतं. म्हणाली होती, "सायेब, पट्टी बुडल्यावर नोकरी कुठली ऱ्हाती? मासळी बनून वाचायचं काय म्या?"

तेव्हा मी हसलो होतो. आता ती पदर खोचून माईकपाशी गेली, तेव्हा हसलो नाही.

"डॉक्टर सायेब," ती म्हणाली, "तुमच्या कागदात मे म्हैन्यात लई पानी हाय म्हनं. आज मेच चालू हाय. मला त्यातलं दोन हंडे काढून द्या. लांब न्हाई, ह्या मांडवाच्या मागंच नदी हाय."

मांडव हसला. डॉक्टर पण हसला, सवयीनं. म्हणाला, "बाई, हे शास्त्रीय आकडे आहेत. तुमच्या-माझ्या मतावर नसतात. शासनाच्या केंद्रात रोज मोजणी होते. वीस वर्षांचं रेकॉर्ड आहे. अतिशय विश्वासार्ह. एकही दिवस सुटलेला नाही."

"हाव," कौसाबाई म्हणाली. "म्याच लिव्हलंय ते."

मी डोळे मिटले.

तिनं पिशवीतून रजिस्टर काढलं आणि वाचायला लागली. आकडा आणि शेरा, आकडा आणि शेरा. एक मीटर वीस, पाणी हाय पण चलत न्हाई. एक मीटर अठरा, उंबरा कोरडा. एक मीटर अठरा, उंबरा कोरडा. लय धरून वाचत होती, पाढे म्हटल्यासारखी. पाच-सहा ओळींनंतर मागच्या रांगेतल्या बाया तिच्याबरोबर म्हणायला लागल्या. ती आकडा वाचायची, बाया म्हणायच्या, "उंबरा कोरडा!" जनरेटरचा आवाज ऐकू येईना.

डॉक्टर हुशार होता. त्याला धागा सापडला. "मॅडम, एक मिनिट. या बाई शासकीय कर्मचारी आहेत का?"

अध्यक्ष मॅडमनी कौसाबाईकडं पाहिलं. "न्हाई," ती म्हणाली. "मालक हायत. त्यांचा पाय गेलाय."

"म्हणजे अनधिकृत व्यक्तीनं केलेल्या नोंदी," डॉक्टर म्हणाला. "याला पुरावा म्हणता येणार नाही. हे रेकॉर्ड ग्राह्य धरू नये अशी माझी विनंती आहे."

 मारोती शेवटच्या रांगेत खुर्चीवर होता. त्याच्याकडं सगळे वळून बघायला लागले आणि तो जमिनीकडं. त्या क्षणी मला डॉक्टरचा राग आला असं मी म्हणेन, पण आधी आली ती भीती. माझी दोन वर्षं उरली होती. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. आता मॅडम विचारणार, खात्याचं कोण आलंय. त्यांनी विचारलंच.

मी उभा राहिलो. टेक्निकल बोलायचं ठरवून उभा राहिलो. "अध्यक्ष महोदया, नियंत्रक छेदाच्या संदर्भात शून्य-प्रवाह पातळीचा विचार करता..." एवढं बोललो आणि समोर पाहिलं. कौसाबाई माझ्याकडं बघत होती, ऑफिसातून आलेलं पत्र आपल्याला समजेना म्हणून वाचून घ्यायला आणल्यावर बघायची तशी. मी थांबलो.

"मॅडम," मी म्हणालो, "रेकॉर्ड या बाईंनीच लिहिलंय. मला माहीत होतं. ते चूक आहे, त्याचं काय करायचं ते खातं करेल. पण डॉक्टर साहेब म्हणतात हे रेकॉर्ड धरू नये. ठीक आहे. मग त्यांच्या रिपोर्टातला प्रवाहाचा तक्ता कशावरून काढलाय ते त्यांनी सांगावं."

डॉक्टर रिपोर्टाची पानं उलटायला लागला.

"तक्त्याखाली लिहिलंय, पिंपळडोह केंद्र. म्हणजे ह्याच बाईंचे आकडे. पट्टीचा आकडा घेताना ही बाई विश्वासार्ह, आणि त्याच ओळीत पुढं तिनं 'चलत न्हाई' लिहिलं की अनधिकृत. असं कसं चालेल? ओळ एक आहे. घ्यायची तर अख्खी घ्या. टाकायची तर अख्खी टाका. मग रिपोर्टात पाणीच उरत नाही."

मॅडमनी विचारलं, "तुमच्या ऑफिसनं कंपनीला शेरे का दिले नाहीत?"

हा प्रश्न मला नको होता. "कॉम्प्युटरमध्ये जागा नव्हती. सोडून द्या असं मीच सांगितलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी तेही लिहून घेतलं. मग पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "डोह किती लांब आहे?"

"पायी पाच मिनिटं," सरपंच म्हणाले.

दुपारी एक वाजता, मे महिन्यात, अख्खी जनसुनावणी नदीवर गेली. मॅडम छत्री न घेता पुढं. डॉक्टर बूट घालून मागं. डोहात पाणी होतं, एक मीटर अठरा. उंबऱ्यावर मिरच्या होत्या. मॅडम उंबऱ्यावर चढल्या, खालच्या बाजूला वाकून पाहिलं. खाली वाळू, दगड आणि एक झोपलेलं कुत्रं. डॉक्टरला त्यांनी एवढंच विचारलं, "आठ क्युमेक कुठून जातात?"

डॉक्टर म्हणाला, "मॅडम, हे सरासरी आकडे आहेत."

"कुत्रं सरासरीत बसतं का?" मागून कुणीतरी विचारलं. कोण ते मी सांगणार नाही. शिक्षिका होती, तिला अजून नोकरी करायची आहे.

इथं गोष्ट संपायला पाहिजे. पिच्चर असता तर संपली असती. सरकारी कामात नदीवर जाऊन आल्यावर खरी सुरुवात होते.

सुनावणीचं इतिवृत्त दोन महिन्यांनी आलं. मॅडमनी स्वतंत्र पानं जोडून सगळं लिहिलं होतं, रजिस्टरचे उतारे लावले होते. पण वरच्या ऑफिसात त्याचा सारांश झाला. सारांश असा: "स्थानिकांनी विविध मते मांडली. अध्यक्षांनी प्रकल्पस्थळास भेट दिली." मॅडमची बदली झाली. बढतीवर. कोकणात, जिथं पाणी बघायला उन्हातान्हात जावं लागत नाही.

मला कारणे दाखवा नोटीस आली. अनधिकृत व्यक्तीस शासकीय नोंदी करू दिल्याबद्दल. बिराजदार साहेबांनी ती स्वतःच्या हातानं दिली आणि म्हणाले, "टेक्निकल बोला म्हटलं होतं."

"सुरुवात केली होती साहेब."

"मग?"

"पुढचे शब्द आठवले नाहीत."

माझी रवानगी भांडारात झाली. तिथं मी निवृत्तीपर्यंत पाइप, नटबोल्ट आणि बुडालेल्या होड्यांची वल्ही सांभाळली. मारोतीला कमी केलं. गाव मात्र गप्प बसलं नाही. ग्रामसभेनं चौथा ठराव केला. बाया दर सोमवारी किनवटला तहसीलवर जाऊन बसायच्या आणि जाताना रजिस्टरची एक झेरॉक्स द्यायच्या. "इनवर्ड करा" म्हणायच्या. क्लार्कला पण ते पाठ झालं होतं. लांबूनच म्हणायचा, "उंबरा कोरडा का? ठेवा."

प्रकल्प बंद पडला तो यातल्या कशानं, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. मला जे माहीत आहे ते असं. पुढच्या एप्रिलमध्ये टर्बाइन पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर जागा बघायला आला. टर्बाइन म्हणजे पाण्यानं फिरणारं चाक, ज्यातून वीज निघते. बिचारा परप्रांतातला, मराठी येत नव्हतं, रिपोर्ट वाचून आला होता. त्याला कुणी सुनावणीचं सांगितलं नव्हतं. मात्र सोमवारी तो नेमका तहसीलवर पोचला आणि बायांनी त्यालाच झेरॉक्स दिली, अधिकारी समजून. तो डोहावर गेला. कौसाबाईनं त्याला उंबऱ्यावर बसवून चहा पाजला. किती महिने असंच बसता येतं, असं त्यानं हिंदीत विचारलं. तिनं बोटं मोजून सांगितलं. त्यानं पण बोटं मोजली.

त्याच्या कंपनीनं लिहून कळवलं की सहा महिने उभं राहणाऱ्या यंत्राची गॅरंटी देता येत नाही. बस. पाच गावं म्हणाली होती आमची घरं बुडतील, तेव्हा नोंद झाली. जंगल बुडणार होतं, नोंद झाली. मासे, शाळा, मसणवटा, सगळ्यांची नोंद झाली. टर्बाइनची गैरसोय होईल म्हटल्यावर मात्र प्रकल्प पंधरा दिवसांत "तूर्त स्थगित" झाला. रद्द नाही. तूर्त. गावानं पेढे वाटले, पण चौथ्या ठरावाची प्रत लॅमिनेट करून ठेवली. शहाणं गाव आहे.

मी रिटायर व्हायच्या आधी तीन महिने खात्यानं पिंपळडोहाला नवा गेज रीडर नेमायची जाहिरात काढली. कारण मारोतीला काढल्यापासून दीड वर्ष तिथं कुणीच पट्टी वाचली नव्हती आणि कॉम्प्युटर रोज लाल रंगात दाखवत होता. अटी दोन. उमेदवार स्थानिक असावा, आणि त्या कामाचा अनुभव असल्याचा दाखला असावा. अर्ज एकच आला. कौसाबाईचा. दाखला द्यायचा तो त्या काळात केंद्राचा ताबा ज्याच्याकडं होता त्या अधिकाऱ्यानं. म्हणजे मी.

मी लिहिलं: "सदर महिलेस पट्टीवाचन व नोंदीचा दीर्घ व अखंड अनुभव असून त्यांनी एकही दिवस खाडा केलेला नाही." सही केली. बिराजदार साहेबांनी त्याच पेनानं खाली प्रतिस्वाक्षरी केली. त्यांच्या टेबलावर डाव्या हाताला माझ्या नोटिशीची फाईल होती. तिच्यात हाच अनुभव माझा गुन्हा म्हणून लावला होता. उजव्या हाताला नेमणुकीची फाईल. साहेबांनी दोन्हीकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं.

"सूर्यवंशी, ही डावी फाईल रेकॉर्ड रूमला टाकून या," ते म्हणाले. "खालच्या कप्प्यात."

नव्यानं लागणारी पोरं भेटली की मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. शेऱ्याचा रकाना भरत जा आणि दुसऱ्यानं भरलेला वाचत जा. आणि एकच खरी गोष्ट जर दोन फायलींत असेल, तर त्या फायली एका टेबलावर आल्याशिवाय सही करू नका.